‘एनीटाइम’ची अंमलबजावणी

आमच्या सोसायटीचं नाव ‘माउंट व्ह्यू हाइट्स’. गाझियाबादेत माउंट कुठला, असं पाहुणे विचारतात. त्यांना मी बाल्कनीत नेतो. तिथून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर स्वच्छ दिसतो. बिल्डरने नावात जे लिहिलं ते दिलं. असा बिल्डर मिळायला नशीब लागतं.

लिफ्टचं नशीब वेगळं होतं. आमच्या टॉवर सीची लिफ्ट दिवाळीनंतर बंद पडली आणि तिच्या दारावर एक कागद चिकटवला गेला : ‘ऊप्स! वुई विल बी बॅक सून!’ नाताळ गेला, संक्रांत गेली, कागद तेवढ्याच उत्साहात होता.

मजकूर माझा होता. माझा तो धंदाच आहे. मी मूळचा हिंगोलीचा, यूपीएससीसाठी दिल्लीत आलो. यूपीएससीने दोनदा नकार दिला, दिल्लीने दिला नाही, म्हणून राहिलो. आता नोएडात एका कंपनीत ॲपमधली वाक्यं लिहितो. तुमचे पैसे अडकतात तेव्हा ‘हँग टाइट!’ असं जे येतं, ते कोणीतरी लिहितं. तुमची ऑर्डर हरवल्यावर ‘अवर बॅड!’ म्हणणाराही मीच. आजवर लाखो लोकांची मी माफी मागितली आहे, ओळख एकाचीही नाही.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावरच, राजाराम गजभिये आणि लीलाबाई राहतात. बडनेऱ्याकडची मंडळी. मुलगा बंगळुरात. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, आणि काकू गुडघ्यांमुळे घरातून. म्हणजे एक गुडघा बदलून झाला होता, दुसऱ्याची तारीख मिळायची होती, आणि तोवर जिन्याला पाय लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे लिफ्ट थांबली तशा काकूही सातव्या मजल्यावर थांबल्या. फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून. दिल्लीत लोक हिवाळ्यात उन्हाला जातात, आपल्याकडे बाजाराला जातात तसे : पिशवी घेऊन, शेंगा घेऊन, शेजारीण घेऊन. काकूंनी तो सगळा हिवाळा रूम हीटरसमोर काढला. “मी आता पापडासारखी एकाच बाजूने भाजली गेली,” असं त्या म्हणायच्या.

फेब्रुवारीत त्यांच्या बहिणीचा फोन आला.

शेवंतामावशी बडनेऱ्याहून बुद्धस्थळांच्या यात्रेला निघाल्या होत्या. बसभर बायका, बरोबर खंडेराव नावाचे यात्रा नेणारे गृहस्थ. बस दिल्ली पाहून श्रावस्तीला जाणार, आणि जाताना आमच्या सोसायटीच्या गेटवरून जाणार. खंडेरावांनी मोठ्या मनाने कबूल केलं : रविवारी सकाळी गेटसमोर पंधरा मिनिटं गाडी थांबवतो. त्याहून जास्त नाही, पुढे मुक्काम गाठायचाय.

या दोघी बहिणींची शेवटची भेट आई जाण्याच्याही आधी झाली होती. आई गेली तेव्हा काकूंचं ऑपरेशन होतं. त्यांनी अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. स्क्रीनवर काय आलं असेल ते मला विचारू नका. ते वाक्य आमच्याच टीमचं आहे.

“मावशी वर येतील की,” मी त्यांच्याकडे जेवता जेवता म्हणालो.

“काऊन रे, ती काय उडत येईल?” काकू म्हणाल्या. “तिचेही गुडघे गेलेत. दोघींचे मिळून चार. त्यातला हा एक स्टीलचा, तेवढाच कामाचा.”

“मग स्ट्रेचरवाले बोलवू.”

“स्ट्रेचरवरून खाली नेलंस तर वॉचमन हात जोडेल, बाया रडतील, आणि शेवंता खिडकीतच आडवी होईल. जिवंतपणी मी त्यावर बसणार नाही.”

काकांनी चष्मा लावला. त्यांनी फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकलं. काकांचं इंग्रजी फाइलवरचं आहे. तीस वर्षं त्यांनी ते एका बाजूला समास सोडून लिहिलं. ‘इट इज मोस्ट रिस्पेक्टफुली सबमिटेड दॅट’ इथून सुरुवात झाली, तीन परिच्छेदांनी ‘काइंडली डू द नीडफुल’वर समाप्ती झाली. त्याखाली कोणीतरी गाजराच्या हलव्याचा फोटो टाकला आणि चर्चा तिकडे गेली.

“काका, असं नाही लिहायचं,” मी म्हणालो. “द्या इकडे.”

मी लिहिलं : ‘हे फॅम! अवर फेव्हरेट लीला आंटी इज स्टक ऑन द सेव्हन्थ फ्लोअर, अँड हर सिस्टर इज पासिंग बाय धिस संडे. लेट्स मेक इट हॅपन, गाइज!’ पुढे तीन बदाम आणि एक लिफ्ट.

“फॅम म्हणजे?” काकांनी विचारलं.

“फॅमिली.”

“पूर्ण लिहायला काय हरकत होती?”

“पूर्ण लिहिलं की जबाबदारी येते, काका.”

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. ‘सो स्वीट!’ ‘नॉट क्राइंग, यू आर क्राइंग.’ चौथ्या मजल्यावरचा हितेश, ज्याचा एक स्टार्टअप आहे आणि काय आहे ते अजून ठरायचंय, त्याने लिहिलं : ‘काउंट मी इन, आंटी! एनीटाइम!’ तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस तनेजा : ‘लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग, जी.’ आमच्या खालीच, सहाव्यावर राहणारी सुरुची, जन्माने मराठी आणि वाढीने दिल्लीच्या लक्ष्मीनगरची : ‘ऑलवेज देअर फॉर यू, काकू! लेट्स कॅच अप सून!’ शेवटी सोसायटीचे अध्यक्ष चौधरी साहेब, दुसरा मजला : ‘वुई आर ऑल इन धिस टुगेदर.’ त्यावर सव्वीस अंगठे.

“बघा,” मी काकूंना म्हणालो, “किती प्रेम आहे लोकांचं.” आणि विषय संपला असं समजून पोळी मोडली. अशा वाक्यांनी विषय संपतो. म्हणूनच तर ती लिहितात.

काकांनी चष्मा पुसला. “चार,” ते म्हणाले.

“काय चार?”

“आश्वासनं.”

इथे काकांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ते मंत्रालयात ज्या टेबलावर बसायचे तिथे एकच काम चाले. संसदेत मंत्री उभा राहून ‘माहिती घेतो’ म्हणाला, ‘विचाराधीन आहे’ म्हणाला, ‘लक्ष घालू’ म्हणाला, की सगळा देश ते जेवायच्या आत विसरायचा. काकांचं टेबल विसरायचं नाही. तिथे त्याला आश्वासन म्हणत, आणि आश्वासन पुरं होईपर्यंत ते मंत्रालयाच्या मागे लागलेलं असे. कोणतं वाक्य आश्वासन आणि कोणतं नुसतं बोलणं, हे काकांना एका नजरेत कळतं. ही विद्या त्यांनी आजवर खाजगी आयुष्यात वापरली नव्हती. काकू वापरू देत नसत.

“‘सो स्वीट’ ही भावना आहे, ती सोडून देऊ,” काका म्हणाले. “‘काउंट मी इन’ हे स्पष्ट आश्वासन. ‘लेट मी नो’ हे सशर्त : आपण कळवायचं, त्यांनी करायचं. ‘ऑलवेज देअर’ला मुदत नाही, म्हणजे रविवार त्यात आला. आणि चौधरींचं तर पदसिद्ध आहे.”

“काका, ऐका,” मी पोळी ठेवली. “हे माझं क्षेत्र आहे. ‘एनीटाइम’ म्हणजे आत्ता नाही. ‘लेट मी नो’ म्हणजे कळवू नका. ‘लेट्स कॅच अप’ असं माणसं लिफ्टचं दार बंद होताना म्हणतात, दार बंद होणारच असतं म्हणून. या वाक्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात तसा नसतोच.”

“अच्छा. मंत्र्यांच्या मनात असायचा?”

मी पोळी पुन्हा उचलली.

“आमच्या टेबलाला बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे कधी कोणी विचारलं नाही रे. बोलला का, एवढंच बघायचं. तुला अर्थ कळत नाही असं नाही, मलाही कळतो. पण शेवंता रविवारी येतेय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं जिना उतरलो. काका इस्त्रीच्या शर्टात. मी त्यांच्या मागे, ओळख नसल्यासारखा.

हितेशने दार उघडलं. गळ्यात हेडफोन, हातात प्रोटीनचा शेकर.

“हितेश जी,” काका म्हणाले, “आपने ग्रुप पर दो बातें कही हैं. काउंट मी इन, और एनीटाइम. समय तय हो गया है. रविवार, सुबह साढ़े नौ. श्रीमती गजभिये को कुर्सी पर बिठाकर नीचे लाना है.”

“अंकल, वो तो मैंने… मतलब… वाइब के लिए लिखा था.”

“बिल्कुल. वाइब भी रहेगी.”

“नहीं, संडे को मेरा ना…”

“कोई दिक्कत नहीं,” काका इतक्या प्रेमाने म्हणाले की मीच घाबरलो. “आश्वासन ड्रॉप हो सकता है, नियम में है. ग्रुप पर दो लाइन लिख दीजिए कि मैंने जो काउंट मी इन कहा था, उसमें मुझे न गिना जाए. कारण सहित. मैं बुरा नहीं मानूँगा.”

“ग्रुप पर? सबके सामने?”

“वाक्य भी तो सबके सामने था, बेटा.”

हितेशने शेकर हलवला. आत काही नव्हतं. “साढ़े नौ ना, अंकल?” तो म्हणाला.

मिसेस तनेजांच्या घरी चहा झाला, बिस्किटं झाली, लिफ्टवाल्यांना शिव्या झाल्या. मग काकांनी कळवलं. त्यांना खुर्ची हवी होती, हाताची, मजबूत. मिसेस तनेजांची नजर डायनिंग टेबलकडे गेली. सहा खुर्च्या, शिसवी, पाठीवर कोरलेले मोर, आणि प्रत्येकीवर दुकानातलं प्लास्टिक जसंच्या तसं. सेट घेऊन चार वर्षं झाली होती.

“ये वाली?” त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

“एनीथिंग में आती है,” काका म्हणाले.

“ले जाइए जी. पर प्लास्टिक मत उतारना.”

सहाव्या मजल्यावर सुरुचीने दार उघडलं आणि काकांना पाहून तिचा चेहराच पडला. “काकू ठीक आहेत ना?”

“ठीक आहे. तू लिहिलं होतंस, ऑलवेज देअर. तर रविवारी सकाळी…”

“मला उचलायचंय का? खरंच?” ती म्हणाली. “काका, मी जिमला जाते. त्या हितेशपेक्षा जास्त उचलते, विचारा त्याला.” मग जरा थांबून : “मी ना हे सगळ्यांना लिहिते. देअर फॉर यू, कॅच अप सून. ऑफिसमध्ये, फ्रेंड्सना, सगळ्यांना. आजपर्यंत कोणी आलंच नाही बोलवायला.”

“तुझ्या आश्वासनाची मुदत संपली नव्हती,” काका म्हणाले.

चौधरी साहेबांनी मात्र अनुभवी माणसासारखं केलं. ते म्हणाले, भावना शंभर टक्के तुमच्यासोबत, पण पाठीत गॅप आहे, शिवाय रविवारी मीटिंग. तेव्हा लिफ्ट दुरुस्त झाली की पहिलं काम हेच.

“यानी मुदत बढ़ानी है,” काका म्हणाले.

“हाँ, वही.”

“लिफ्ट ठीक होने के बाद आप उन्हें सीढ़ियों से उतारेंगे?”

चौधरी साहेबांनी विचार करून सांगितलं की तत्त्वतः हो. काकांनी त्या संध्याकाळी ग्रुपवर स्थिती टाकली. काहीही टोमणा नाही, फक्त स्थिती : हितेशजी, प्राप्त. श्रीमती तनेजा, प्राप्त. कुमारी सुरुची, प्राप्त. अध्यक्ष महोदय : लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत मुदतवाढ मागितली आहे, विचाराधीन. याला सव्वीसपेक्षा कितीतरी जास्त अंगठे आले.

रविवारी सकाळी काकू तयार होऊन बसल्या होत्या. पांढरी साडी, निळी शाल, केसांत पिना. साडेनऊ वाजले. कोणी नाही. पावणेदहा. खंडेरावांचा फोन आला : “साहेब, पोचलोच बघा!” याचा अर्थ बस अक्षरधामलाही पोचली नव्हती, एवढं मलाही कळतं. तरी काका जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे, हात मागे बांधलेले.

“या आता आत,” काकू म्हणाल्या. “मी खिडकीतून हात करीन. दिसलं तर दिसलं तिला.”

काका हलले नाहीत. काकूंना सातव्या मजल्यावरून बसचं नुसतं टप दिसलं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी फोन काढून ग्रुपवर काहीतरी चटपटीत लिहायला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काहीच सुचलं नाही.

आणि जिन्यातून धापा टाकत खुर्ची आली. आधी मोर, मग प्लास्टिक, मग खाली हितेश आणि सुरुची, एकमेकांवर ओरडत. “तू राइट बोल रहा था और लेफ्ट जा रहा था!” “सॉरी यार, माय बॅड!” त्यांच्या मागे मिसेस तनेजा, खुर्चीवरची नजर न हटवता.

“ही कोणत्या मंत्र्याची?” काकूंनी खुर्ची निरखली. “इतकी वर्षं राजधानीत राहून खुर्ची मिळाली, ती जाताना.”

“जाताना नाही गं, उतरताना,” काका म्हणाले.

काकू बसल्या. मी, हितेश, सुरुची तीन बाजूंना. चौथी बाजू रिकामी. काका वाकले तसा काकूंनी त्यांचा हात फटकारला. “तुमच्या हर्नियाला घेऊन बाजूला व्हा. मी काय गॅसचा सिलिंडर आहे, कोणीही धरायला?”

तेवढ्यात जिन्यात पुन्हा पावलं. चौधरी साहेब. कडक पांढरा कुर्ता, कमरेला पाठीचा पट्टा, चेहरा लालबुंद. “वो आपने ग्रुप पे विचाराधीन लिखा है,” ते धापा टाकत म्हणाले, “मेरी सास ने पढ़ लिया.” आणि त्यांनी चौथी बाजू धरली.

आम्ही निघालो. सात मजले म्हणजे किती, हे लिफ्टने जाणाऱ्याला कधीच कळत नाही. सहाव्यावर पहिला थांबा झाला, सुरुचीच्या दारात. तिने काकूंना पाणी दिलं आणि म्हणाली, “काकू, हे कॅच अप धरायचं नाही हं. ते वेगळं.” काकू म्हणाल्या, “धरतच नाही. त्याला थालीपीठ लागतं.” पाचव्यावर कोणीतरी ‘यू गॉट धिस!’ म्हणून आत गेलं. काकांनी नुसतं दाराचा नंबर पाहिला.

चौथ्याच्या खाली काकू घसरायला लागल्या. प्लास्टिक गुळगुळीत, साडी रेशमी. हितेशने त्यांना वर सरकवलं, त्या पुन्हा घसरल्या. “अरे धरा, बाप्पा!” त्यांचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला. आम्ही खुर्ची पायरीवर टेकवली. तेव्हा मिसेस तनेजा पुढे आल्या. त्यांनी काकूंना हितेशच्या खांद्यावर टेकवलं आणि खुर्चीवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. चार वर्षांचं प्लास्टिक. त्याचा आवाज पार गच्चीपर्यंत गेला असेल.

“छोड़ो जी,” त्या म्हणाल्या, डोळे थोडे पाणावलेले, “बैठने के लिए ही ली थी.”

दुसऱ्या मजल्यावर असताना बाहेर हॉर्न वाजला. लांब, विदर्भातला हॉर्न. काकू खुर्चीत सरळ झाल्या. चौधरी साहेब म्हणाले माझी पाठ, काका म्हणाले बस पंधराच मिनिटं थांबेल, चौधरी साहेब म्हणाले चलो.

गेटबाहेर बस उभी होती. खिडक्यांतून पांढऱ्या साड्या, निळ्या टोप्या आणि मोबाइल. खंडेराव दारात, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून. आणि मधल्या खिडकीत शेवंतामावशी. बसची पायरी उंच, त्यांना उतरवेना. काकूंना उभं राहवेना. दोघींच्या मध्ये बसचा पत्रा. एक वरून बघतेय, एक खालून, आणि दोघींचे हात हवेत.

“उठाओ,” सुरुची म्हणाली.

“और?” हितेश म्हणाला.

“कंधे तक.”

आम्ही खुर्ची खांद्यावर घेतली. मोर वर गेले, काकू वर गेल्या, आणि त्यांचं तोंड बरोबर खिडकीसमोर आलं.

इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहिणी काय बोलतील याची मला उत्सुकता होती.

“किती जाडी झालीस गं, लिले,” शेवंतामावशी म्हणाल्या.

“आणि तू खिडकीत अर्धीच दिसतेस म्हणून बारीक वाटतेस.”

“पट्टेवाले कोण गं हे?”

“अध्यक्ष आहेत आमचे. चांगले आहेत.”

अध्यक्ष माझ्या समोरच होते. त्यांनी काही कळत नसताना मान हलवली आणि पाठीत कळ आली म्हणून डोळे मिटले.

मग खिडकीतून एक हात आला आणि काकूंच्या गालावर राहिला. मला खालून एवढंच दिसत होतं : सुरकुतलेलं मनगट, हिरव्या बांगड्या. शेवंतामावशींनी एक पिशवी दिली. “आईच्या अंगणातल्या बोरीची. यंदा लई लागली. तिला पाहायला नव्हतं कोणी.”

काकूंनी एक बोर तोंडात टाकलं. बराच वेळ बी काढलीच नाही.

“चला, चला, टाइम झाला,” खंडेराव म्हणाले. “दोन मिनिटात निघू.”

“दोन म्हणालात ना?” काका त्यांच्याकडे वळले. खंडेरावांनी काकांच्या चेहऱ्यावर काय वाचलं कोण जाणे, ते बसच्या मागे जाऊन टायर तपासायला लागले. चारही टायर तपासले. मग स्टेपनी.

आमचे खांदे बधिर झाले तेव्हा बस हलली. शेवंतामावशी खिडकीतून अर्ध्या बाहेर. “येते गं मी परत! या वर्षी येतेच!”

खुर्ची जमिनीवर आली. बस पुलाखाली वळून दिसेनाशी झाली. काकू पिशवी मांडीवर घेऊन तिकडेच पाहत होत्या.

“ऐकलं का तुम्ही?” त्या काकांना म्हणाल्या.

“ऐकलं.”

“मग?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “चालत्या गाडीतून आलंय,” ते म्हणाले. “पण धरतो.”

मग आम्ही सगळे गेटातून आत आलो आणि टॉवर सीच्या जिन्यासमोर थांबलो. मला वाटतं सगळ्यांना एकदमच लक्षात आलं. जिना वर जात होता. लिफ्टच्या दारावर माझा कागद होता.

काका घसा साफ करून म्हणाले, “देखिए, आप सबका आश्वासन पूरा हुआ है. नीचे लाना तय हुआ था, ले आए. ऊपर ले जाने की बात किसी ने नहीं की. मैं अपनी तरफ से उसमें नहीं पढ़ूँगा.” तीस वर्षांची नोकरी होती. स्वतःच्या बायकोसाठीही त्यांनी एक शब्द जास्त वाचला नसता.

हितेश खांदा चोळत होता. त्याने जिन्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

“अंकल,” तो म्हणाला, “मैंने एनीटाइम लिखा था. उसमें तो ऊपर भी आता है.”

“मी ऑलवेज लिहिलं होतं,” सुरुची म्हणाली.

चौधरी साहेबांनी पट्टा घट्ट केला, आणि खिशातून फोन काढून लिफ्टच्या कंपनीला लावला. रविवारी. ‘मंडे फर्स्ट थिंग’ असं तिकडून कोणीतरी म्हणालं असावं, कारण त्यांनी फोनवर हात ठेवून काकांना विचारलं, “ये कौन सा वाला होता है?”

“स्पीकर पर कीजिए,” काका म्हणाले.

हितेश वाकला, खुर्चीचा पाय धरला. “चलें, आंटी?”

काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला. गेटच्या बाजूला, बाकांपाशी, सकाळचं धुकं नुकतंच उठलं होतं आणि ऊन येऊन पडलं होतं, पिवळं, जाड, चटईसारखं. सबंध हिवाळ्यात त्यांच्या अंगावर न पडलेलं.

“अभी नहीं, बेटा,” त्या म्हणाल्या आणि बोरांची पिशवी त्याच्यापुढे केली. “एनीटाइम बोला ना? तो धूप जाने दे.”

आम्ही मोरांची खुर्ची उन्हात नेऊन ठेवली. मिसेस तनेजा वर जाऊन दुसरी घेऊन आल्या. तिचं प्लास्टिक त्यांनी वाटेतच काढलं होतं.